बावीस देश आणि दोन जावई

कामगाराला झापता येतं, जावयाला नाही. आणि माझ्या कारखान्यातले सगळ्यांत चांगले दोन कामगार माझे जावई आहेत. पुढचा सगळा तमाशा या एका अडचणीतून झाला, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

आमचा कारखाना दारांचा. कारखाना म्हणायचं ते बाहेर पाटी आहे म्हणून. आत पत्र्याखाली एक लांबलचक खोली, तिच्या एका टोकाला लाकूड सुकवायची भट्टी, दुसऱ्या टोकाला काचेमागं माझं टेबल आणि मध्ये सगळा भुसा. आमचे हे होते तोवर चौकट तेच करायचे, तीत फिरणारा पल्ला तेच करायचे आणि बसवायलाही तेच जायचे. स्वतःशीच भांडायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे दारं व्यवस्थित लागायची. हे गेल्यावर थोरले जावई चौकटी करायला लागले. धाकटीचं लग्न झालं तसे धाकटे जावई पल्ल्यांना लागले. दोघांचा हात चांगला. पॉलिशवाला मात्र ह्यांच्या वेळचाच आहे आणि अजून मला वहिनी म्हणतो.

आता दार लागायचं तर चौकट आणि पल्ला यांच्यात दोन सुतांची फट लागते. सूत म्हणजे सुताराचं सगळ्यांत बारकं माप, इंचाचा आठवा भाग, तुमच्या-आमच्या लक्षातही येणार नाही असं. ही फट चौकटवाल्यानं ठेवायची की पल्लेवाल्यानं, हे दोघांनी सकाळी बोलून ठरवायचं. बस, एवढंच बोलणं. बाकी दिवसभर नाही बोलले तरी चालतं.

तर त्या दिवशी रंध्याचं मशीन चालू होतं. थोरल्यांना लांबून वाटलं की पल्ला मोठा होतोय. म्हणून ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "साडूभाऊ, जरा मापात राहा!" आणि नेमकी 'साडूभाऊ'लाच वीज गेली. मशीन थांबलं. शांततेत 'मापात राहा' हे दोन शब्द पत्र्यावर आपटून सगळ्या कारखान्यात फिरले.

'मापात राहा' याचा अर्थ सुताराला विचारलात तर एक आहे आणि बाकीच्या जगाला विचारलात तर दुसरा. आणि धाकटे जावई सुतार असले तरी त्या क्षणी ते बाकीच्या जगात होते. त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली, भुसा झटकला आणि म्हणाले, "बरं." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मग फट कुणी ठेवायची? कधी दोघंही ठेवायचे, मग दारातून मांजर ये-जा करायचं. कधी कुणीच ठेवायचं नाही, मग पल्ला चौकटीत शिरायचाच नाही. गिऱ्हाईकं दारं परत आणून टाकायला लागली. माझ्या काचेसमोर बंद न होणाऱ्या दारांची रांग लागली.

नवरे भांडले तर बायकांनी शहाणपण दाखवावं. माझ्या पोरींनी तेही दाखवलं नाही. थोरली म्हणाली, "अगं, हे मापाबद्दलच बोलले. ह्यांना दुसरं काही सुचतं तरी का?" धाकटी म्हणाली, "ताई, तुझ्या नवऱ्याला काय सुचतं ते मला नको शिकवूस." त्यावर थोरली म्हणाली, "आता तूही मापातच राहा." झालं, आगीत तेल ओतून मोकळी.

रविवारी दोघी माझ्याकडे जेवायला यायच्या. आता थोरली सकाळी यायला लागली आणि धाकटी संध्याकाळी. मी दोनदा स्वयंपाक करायची, दोनदा वाढायची, आणि एकच भांडण दोन्ही बाजूंनी ऐकायची. कारखान्याचं काय व्हायचं ते होवो, मला माझ्या दोन्ही पोरी एका वेळी एका घरात हव्या होत्या. लहानपणी दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या तेव्हा मी कपाळाला हात लावायची. आता वाटायचं, या गं, उपटा, पण एकत्र येऊन उपटा.

मी काय करणार? आपलेच दात, आपलेच ओठ. जावयाला 'अहो' म्हणायचं, खुर्ची द्यायची, पंखा त्याच्याकडे वळवायचा. असल्या माणसाला 'गधड्या, बोल त्याच्याशी' असं कसं म्हणणार? लेकी बोले सुने लागे म्हणतात. मला सूनच नाही. म्हणून मी पॉलिशवाल्याला बोलायला लागले. काचेमागून बाहेर यायचं आणि दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचं, "लाज नाही वाटत? एका छपराखाली काम करता आणि तोंड फिरवता?" पॉलिशवाला बिचारा ब्रश हातात धरून उभा. दोन आठवड्यांनी तो काचेमागं आला आणि म्हणाला, "वहिनी, मी नक्की कुणाशी बोलत नाही?"

अशा वेळी बावीस देश आले.

हे त्यांचं नाव नाही. त्यांनी नवं ऑफिस थाटलं होतं आणि त्याचं दार आमच्याकडून नेलं होतं. काम काय, तर नोकरीच्या जागची भांडणं मिटवणं. भांडलेली माणसं आत बसून मोकळेपणानं बोलणार, आणि दार आमचं. ते लागेचना. आतली माणसं एकमेकांना काय काय म्हणतात ते बाहेरच्या बाकावर बसलेले पुढचे भांडणारे ऐकायचे, त्यातलं बरं वाटेल ते उचलायचे आणि आत जाऊन आपल्या भांडणात वापरायचे. एक जोडपं तर भांडण नसताना नुसतं ऐकायला येऊन बसायचं. तेव्हा हे गृहस्थ तक्रार घेऊन आले.

"मॅडम, तुमचं दार मिटत नाही."

"भांडण मिटत नाही, म्हणून दार मिटत नाही," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

तक्रार करायला आलेल्या माणसाचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. "मॅडम," ते म्हणाले, "मी बावीस देशांत भांडणं मिटवली आहेत." त्याच संध्याकाळी पॉलिशवाल्यानं त्यांचं बारसं करून टाकलं. ठरलं असं, की त्यांनी माझ्या जावयांना बोलतं करायचं आणि मी त्यांना लागणारं दार द्यायचं.

"एका देशात," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "माणसं मनात काही ठेवत नाहीत. समोरासमोर बसतात, तुमचं अमुक मला आवडत नाही असं तोंडावर सांगतात आणि मग एकत्र चहा पितात. कुणाला राग येत नाही."

"कुठला देश?"

"देश महत्त्वाचा नाही, मॅडम. पद्धत महत्त्वाची."

देशाचं नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पॉलिशवाल्याचं म्हणणं, हा माणूस बस स्टँडच्या पुढं गेलेला नाही. पण मला काय, माझ्या पोरी एकत्र आल्या की झालं.

दोघांना काचेमागं माझ्या टेबलाशी दोन स्टुलांवर बसवलं. दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"मोकळेपणानं बोला," बावीस देश म्हणाले.

"आईंसमोर?" थोरले म्हणाले.

मग मला बाहेर काढलं आणि दार लावलं. म्हणजे लावल्यासारखं केलं. मी बाहेर उभी राहून सगळं ऐकलं, कान लावायचीसुद्धा गरज पडली नाही.

थोरले म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही." धाकटे म्हणाले, "माझंही काही नाही." मग धाकटे म्हणाले, "मला मापात राहा म्हणाले."

"बरोबर," बावीस देश म्हणाले. "पल्ला मापात राहायला नको का?"

"पल्ला नाही हो, मी."

"तुम्ही मापात राहायला नको का?"

मला वाटलं आता पटाशी उडते. थोरले घाईघाईनं म्हणाले, "अहो, मी पल्ल्याबद्दलच म्हणत होतो." धाकटे म्हणाले, "मग पल्ल्याला 'साडूभाऊ' कशाला म्हणालात?"  चहा आला. दोघांनी भिंतीकडे तोंड करून प्यायला.

पुढच्या आठवड्यात थंड देश आला. तिथं म्हणे साहेब आणि शिपाई टॉवेल गुंडाळून वाफेच्या खोलीत बसतात. कपडे नाहीत म्हणजे मान नाही, मान नाही म्हणजे अपमान नाही. आमच्याकडे वाफेची खोली कुठली? पण लाकडाची भट्टी होती. दोन जावई टॉवेल लावून सागवानाच्या फळ्यांमध्ये जाऊन बसले. त्या दिवशी मला घरीच राहावं लागलं, कारण जावई टॉवेलात असताना सासूनं कारखान्यात फिरायचं हे कुठल्याच देशात बसत नाही. पॉलिशवाल्यानं नंतर सांगितलं, संध्याकाळी दोघं लालबुंद होऊन बाहेर आले. एकमेकांशी चकार शब्द नाही. थोरले जाता जाता पॉलिशवाल्याला एवढंच म्हणाले, "लाकूड बरं सुकतंय."

मग अदलाबदलीचा देश. तिथं ज्याच्याशी भांडण आहे त्याचं काम करायचं, म्हणजे त्याचं दुःख कळतं. चौकटवाल्यांनी पल्ले केले, पल्लेवाल्यांनी चौकटी केल्या. आणि काय सांगू, त्या आठवड्यातली सगळी दारं लागली! बोटानं ढकललं की खट्. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. पण शनिवारी दोघं अजून फुगले. थोरल्यांना कळलं होतं की पल्ले करणं इतकं सोपं असतं, आणि तरी हा माणूस एवढा रुबाब करतो. धाकट्यांना चौकटींबद्दल तेच कळलं होतं. बावीस देशांनी हात जोडले, मीही आडून सुचवलं की आता हेच चालू ठेवा. "मी चौकटवाला आहे, आई," थोरले म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू मी त्यांना दुसरं लग्न करायला सांगतेय. सोमवारपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नंतर एक देश मध्यस्थांचा होता. तिथं मध्यस्थानं दोघांकडे वेगवेगळं जेवायला जायचं आणि भांडणाचा विषयच काढायचा नाही. बावीस देश दोन्ही पोरींकडे आळीपाळीनं जेवून आले. भांडण तसंच राहिलं, त्यांचा पट्टा मात्र एक भोक पुढं सरकला. माझ्या पोरींच्या हाताला चव आहे, हे मात्र त्यांनी दोघींच्याही बाबतीत प्रामाणिकपणे सांगितलं.

मी त्यांना घालवणारच होते. पण त्या रविवारी संध्याकाळी धाकटी आली. खुर्चीवर थोरलीची ओढणी राहिली होती, सकाळची. धाकटीनं ती उचलली. मला वाटलं भिरकावते आता. तिनं नीट घडी घातली, मांडीवर ठेवली आणि जेवण होईपर्यंत तशीच बसली. निघताना म्हणाली, "ती बारीक झालीये का गं?"

"तूच बघ ना येऊन सकाळी."

ती दाराशी गेली. चप्पल घालायलाच तिला फार वेळ लागला. तेव्हाच मी ठरवलं, बावीसच्या बावीस देश करून बघायचे, पण हे संपवायचं.

"आता एकच जालीम देश आहे," बावीस देश म्हणाले. "तिथं चूक कुणाचीही असो, सगळ्यांत वरचा माणूस पुढं येतो, कमरेतून वाकतो आणि माफी मागतो. खालच्यांना इतकी लाज वाटते की भांडण जागच्या जागी विरघळतं."

"म्हणजे मी?"

"तुम्ही."

"पण माझी चूक काय?"

"चूक असती तर वाकण्यात काय विशेष होतं, मॅडम?"

मी तयार झाले. सकाळी कामाला सुरुवात व्हायच्या आधी जावयांना शेजारी शेजारी उभं केलं. मी समोर उभी राहिले. "किती वाकू?" मी विचारलं. "काटकोनात," बावीस देश म्हणाले. अंदाज नको म्हणून पॉलिशवाल्यानं गुण्या आणला. गुण्या म्हणजे सुताराचा लोखंडी काटकोन, चौकटीचे कोपरे तपासायचा. तो माझ्या कमरेला लावून बघायला लागला.

"अजून थोडं, वहिनी. अजून. हां, आता बसला."

"जावईबापू," मी जमिनीकडे बघत म्हटलं, "माझं चुकलं—"

आणि पाठीत कट्ट झालं.

सासू वाकून माफी मागतेय म्हटल्यावर दोघांची बोबडी वळली. "अहो आई! हे काय करताय!" सासूपेक्षा वर डोकं कसं ठेवायचं म्हणून दोघं माझ्याहून खाली वाकले. मला उठता येईना, आणि मी उठत नाही म्हणून तेही उठेनात. आम्ही तिघं तसेच डोक्याला डोकं लावून उभे. बावीस देश एका बाजूला डोळे पुसत होते. "बघा," ते पॉलिशवाल्याला म्हणत होते, "बघा कसं विरघळतंय."

पॉलिशवाल्यानं आणखी थोडी वाट बघितली. मग म्हणाला, "वहिनी अडकल्यात वाटतं."

खरंच अडकले होते. घर कारखान्याच्या मागंच, गल्ली ओलांडली की झालं. पण चालायचं कसं? पॉलिशवाल्यानं सांगितलं की पाठ धरलेल्या माणसाला ओढाताण केली तर माणसाचा कायमचा गुण्या होतो, त्याच्या मावसकाकांचा झाला होता. तेव्हा मला जशी होते तशीच कुशीवर ठेवायचं ठरलं. ठेवायचं कशावर? समोर धाकट्यांनी नुकताच केलेला पल्ला होता, एका सभागृहासाठीचा, दांडगा. त्यावर मला आडवी केली. पुढून थोरले, मागून धाकटे, एका कोपऱ्याला पॉलिशवाला, एका कोपऱ्याला बावीस देश. निघाली माझी वरात. गल्लीतले लोक थांबून बघत होते. कुणीतरी विचारलं, "दार विकायचंय का?" मी पडल्या पडल्या म्हटलं, "दार नाही, जावई विकायचेत." दुखत असलं की माणूस खरं बोलतो.

घराशी आलो आणि पल्ला अडला. आमच्या ह्यांनी घराला दार केलं ते स्वतःच्या अंगाच्या मापाचं, आणि हे अंगानं काडी. पल्ला चौकटीत जाईना.

पुढून थोरले काहीच बोलले नाहीत. मागून धाकटे काहीच बोलले नाहीत. दोघंही पॉलिशवाल्याकडे बघायला लागले, की आता यानं सांगावं. पॉलिशवाला म्हणाला, "मी काही बोलत नाही बाबा, मला फार बोलणी बसलीत." आणि मी अधांतरी.

मग माझ्यातून जे बाहेर पडलं ते थोरलीच्या लग्नापासूनचं, नऊ वर्षांचं साठलेलं होतं. "गाढवांनो!" मी ओरडले. "दोघंही एकजात बिनडोक गाढवं! दारं करता ना? मग समोर दार अडलंय आणि तोंडं शिवून उभे काय राहता? बोला की मेल्यांनो!"

मग माझं माझ्याच लक्षात आलं. जावयाला गाढव म्हटलं होतं मी, भर गल्लीत. दोघांचे चेहरे मला दिसत नव्हते, मला फक्त थोरल्यांचा पट्टा दिसत होता. तो पट्टा जरा हलला आणि थोरले म्हणाले, "तिरका घ्यायचा का, साडूभाऊ?"

"आई घसरतील," मागून धाकटे म्हणाले.

"मग?"

"कितीनं अडतोय?"

टेप निघाला. माझ्या नाकावरून गेला. "दोन सूत," थोरले म्हणाले.

"तुम्ही चौकट फोडता, का मी पल्ला तासू?"

"चौकट सासऱ्यांची आहे. तुम्हीच तासा."

लाकूड टेकवायच्या दोन घोड्या आल्या, त्यावर मी आणि पल्ला. धाकट्यांनी रंधा घेतला आणि मी वर पडलेली असताना पल्ल्याची कड तासायला सुरुवात केली. लाकडाची एक लांबच लांब शेव निघाली आणि माझ्या तोंडावर पडली. "अजून," थोरले म्हणायचे. रंधा फिरायचा. "अजून केसभर." पुन्हा रंधा. "इकडून जरा जास्त गेलंय." "थांबा, घेतो सारखं." अशी गोड कुजबुज चाललेली, आणि मी मध्ये, कानात भुसा. बावीस देश मात्र हरखून गेले होते. "हा कुठला देश?" ते पॉलिशवाल्याला विचारत होते.

तेवढ्यात गल्लीच्या एका टोकाकडून थोरली धावत आली आणि दुसऱ्या टोकाकडून धाकटी. कुणीतरी दोघींना सांगितलं होतं की तुमची आई दारावर आहे. दोघींनी एकदमच माझ्यावर झडप घातली. "आई, काय झालं गं?" "सरक ना ताई, मला बघू दे." "तू सरक." थोरलीचे केस माझ्या डोळ्यांत आणि धाकटीचं कोपर माझ्या पोटात. माझ्या पाठीत कळा येत होत्या आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी रडायलाच लागले. त्यांना वाटलं, फार दुखतंय.

डॉक्टरांनी पाठ सरळ केली आणि पडून राहा म्हणाले.

भांडण मिटलं का? माझे जावई अजूनही उगाच गप्पा मारत नाहीत. काही उचलायचं असेल तरच बोलतात. "धरा." "धरलं." "उचला." पण फट कुणी ठेवायची ते सकाळी ठरतं, आणि दारं लागतात. बावीस देशांनाही मी लागणारं दार दिलं. ते सगळीकडे आता सांगत सुटलेत की एका देशात भांडण झालं की सासूला दारावर ठेवतात आणि कडेनं तासतात, हमखास गुण येतो. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीत त्यांनी ही पद्धत लावलीसुद्धा. तिथं सासू मिळाली नाही म्हणून हिशेबनिसाला ठेवला. पॉलिशवाला त्यांना आता तेवीस देश म्हणतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. माझं करायला दोघी पोरी घरात येऊन राहिल्या. एकीनं रात्री थांबायचं आणि एकीनं दिवसा, असं आधी ठरत होतं. मी इतकी कण्हले की दोघी थांबल्या. घरात आवाज आला. भात कुणी करपवला, टॉवेल कुठं वाळत घातला, आईच्या औषधाला किती वेळ झाला, यावर दिवसभर खणाखणी. अधूनमधून काय व्हायचं कुणास ठाऊक, दोघी फिदीफिदी हसत सुटायच्या. संध्याकाळी जावई यायचे आणि मला खिडकीशी उचलून ठेवायचे. "धरा." "धरलं." मग परत आत ठेवायचे.

पाठ माझी सोमवारीच दुखायची थांबली होती. सकाळी उठून बसले तर काही नाही, लख्ख. मी उभी राहिले, वाकून बघितलं, चक्क जमिनीला हात लागला. बाहेर पावलं वाजली तशी मी पुन्हा पांघरुणात शिरले आणि 'आई गं' म्हटलं. कारण बरी झाले असते तर दोघी आपापल्या घरी गेल्या असत्या. रविवार पुन्हा सकाळ-संध्याकाळ झाला नसता कदाचित, पण कुणी सांगावं? बावीस देश ज्याची खात्री देऊ शकले नाहीत त्याची मी कशी देणार? म्हणून मी कण्हत राहिले. मला लाज वाटली नाही.

गुरुवारी दुपारी माझा डोळा लागलाय असं समजून दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या.

"आई बरी आहे," धाकटी म्हणत होती. "मघाशी बघितलं मी. खुर्चीवर चढून जळमटं काढत होती."

"मला परवापासून माहितेय," थोरली म्हणाली.

"मग तू बोलली का नाहीस?"

भांड्यांचा आवाज थांबला. 

"ती बरी झाली की तू तुझ्या घरी जाणार."

नळ बंद झाला. मग नाक ओढल्याचा आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही. लहानपणी दोघींचा रडण्याचा आवाज मला वेगवेगळा ओळखू यायचा. आता येईना.

"डॉक्टरांनी अजून आठ दिवस सांगितलेत म्हणू या का तिला?" धाकटी म्हणाली.

"पंधरा म्हण," थोरली म्हणाली.

मला धावत जाऊन दोघींना पोटाशी धरायचं होतं. पण धावले असते तर बरी झाले असते. म्हणून मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, डोळे पुसले आणि जमेल तेवढ्या मेल्या आवाजात हाक मारली, "अगं, कुणीतरी या गं." दोघीही आल्या.